बुटकीची डावी बाजू

कवळीवाल्याने नवंकोरं इंजिन खोक्यातून काढलं, फडक्यात गुंडाळून टेबलाच्या पकडीत आवळलं आणि त्याच्या धुराड्याला करवत लावली. तेवढ्यात थोरल्या बहिणीचा फोन आला. त्याने तो स्पीकरवर टाकला आणि कापत राहिला.

"कसला आवाज येतोय रे?"

"करवतीचा."

"काय कापतोयस?"

"इंजिन."

"काल आलं ते? अरे, तयार होतं ना ते? रंगवलेलं, चाकंबिकं लावलेलं?"

"ही राणी आहे, ताई. मला बुटकी हवीय."

ताई म्हणाली, "हे चाळीस वर्षांपूर्वी सांगितलं असतंस तर शोधली असती एखादी." आणि स्वतःच्या विनोदावर खोकला येईपर्यंत हसली.

कवळीवाला हसला नाही. धुराड्याचा तीन मिलिमीटरचा तुकडा तेवढ्यात टेबलाखाली गेला होता.

राणी म्हणजे उंच चाकांचं, उंच धुराड्याचं, प्रवासी गाड्यांचं वाफेचं इंजिन. दिसायला देखणी, त्यामुळे तिची छोटी मॉडेलं दुकानात सहज मिळतात. खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान, तळहातावर मावणारी. बुटकी मात्र कुठेच मिळत नाही. डोंगरातल्या दगडाच्या खाणींकडे जाणारा एक फाटा होता आणि त्यावर एक बोगदा होता, ठेंगणा. त्यातून राणी जाईना. मग वर्कशॉपने आठ राण्या आत घेतल्या, मोठी चाकं काढून लहान लावली, बॉयलर खाली आणला, धुराडं छाटलं, केबिनचं छप्पर चपटं केलं. उरलं ते बुटकी. आठही पुढे भंगारात गेल्या आणि कोणाला चुकल्याचुकल्यासारखं झालं नाही.

म्हणजे कवळीवाला करत होता ते काही वेगळं नव्हतं. वर्कशॉपनेही तयार राणीच कापली होती. फरक एवढाच, की त्यांना कोणी फोन करून 'कशाला' असं विचारलं नव्हतं.

चौतीस वर्षं तो एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवत होता. माणसं पुढच्या खोलीत यायची. मागे यायचे त्यांचे प्लास्टरचे जबडे. त्याने माणसांना हजारोंनी हसू दिली, पण त्यातली समोरून पाहिली ती बोटांवर मोजण्याइतकी. आता एकसष्टाव्या वर्षी तो सकाळी अर्धाच वेळ काम करायचा आणि दुपारी घरी यायचा. घर म्हणजे दोन खोल्या, एकीत पलंग, दुसरीत टेबल. लग्न केलं नव्हतं. का केलं नव्हतं याचीही काही गोष्ट नव्हती. राहून गेलं, एवढंच.

त्याच्या आठवड्यातल्या बोलण्याचा कोणी ताळेबंद मांडला असता तर तो असा झाला असता: सोमवारी 'झालं', 'उद्या', 'ठेव तिथे'. मंगळवारी दुकानात 'पिशवी नको'. बुधवारी भोपळा. शुक्रवार-शनिवार पुन्हा तेच शब्द, क्रम बदलून. रविवारी ताई, पण तिच्याशी बोलणं म्हणजे मुख्यतः ऐकणं. आणि गुरुवारी अडीच तास. सगळी जमा त्या एका रकान्यात.

गुरुवारी तो ड्रायव्हरकडे जायचा.

ड्रायव्हर चौऱ्याऐंशी वर्षांचा. लेकीकडे राहायचा, समोरच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत, आणि खुर्ची अशी लावलेली की खिडकी कायम उजव्या हाताला. त्याचा जबडा दवाखान्यात आला तेव्हा सोबतच्या चिठ्ठीवर वैद्याने लिहिलं होतं, 'टोचते. पाचव्यांदा. घरी जाऊन बघा, मी हात टेकले.' कवळीवाला घरी गेला, कानशीने दोन ठिकाणी घासलं, पुन्हा बसवून दिली. ड्रायव्हरने दात वाजवून पाहिले आणि म्हणाला, "या दातांपेक्षा बुटकीचे लगाम सोपे होते." कवळीवाल्याने नुसतं विचारलं, "बुटकी म्हणजे?" आणि अडीच तासांनी बाहेर पडला.

इंजिनासाठी गुरुवार होता की गुरुवारासाठी इंजिन, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. ताई विचारायची, तो फोन ठेवायचा.

आठ महिने असे गेले. दर गुरुवारी कवळीवाला चपलांच्या खोक्यात कापूस घालून इंजिन न्यायचा आणि ड्रायव्हर भिंगाखाली धरून तपासायचा.

"ये रे कवळीवाल्या. आज काय तोडलंस?"

"पायऱ्या लावल्यात. तीन."

"दोन. तिसरी फलाटाला घासायची म्हणून तोडली होती. काढ."

"काढतो."

"आणि हा दांडा इतका सरळ? इथे वाकलेला होता. इथे मी कोपर टेकायचो. अकरा वर्षं. घट्टा बघ." तो बाही वर करायचा. घट्टा खरंच होता.

कवळीवाला घरी येऊन केसाएवढ्या तारेला कोपराचा बाक द्यायचा. असला बाक देणं त्याच्या हातचा मळ होता. दाढेचा उंचवटा कानशीच्या दोन फटक्यांत आणणारा माणूस तो. लहान चाकं दुसऱ्या मोडक्या मॉडेलमधून आली. बॉयलर दीड मिलिमीटर खाली बसला. चपटं छप्पर त्याने कवळीच्याच अॅक्रिलिकचं केलं, गुलाबी, मग वर काळा रंग. ड्रायव्हर प्रत्येक गोष्टीत खोट काढायचा आणि खोट दुरुस्त झाली की तोंडातल्या तोंडात "हं" म्हणायचा. त्या 'हं'ची चव कवळीवाल्याला पुढच्या बुधवारपर्यंत पुरायची. जगात एक माणूस असा होता, की ज्याला राणी आणि बुटकी यांतला फरक कळत होता, आणि तो माणूस त्याची वाट बघत होता.

मग डावी बाजू आली.

बुटकीचे फोटो जगात तीन. तिन्ही उजवीकडून. त्या फाट्यावर सगळे फलाट एकाच बाजूला होते. दुसऱ्या बाजूला रुळाला खेटून डोंगराचा कडा. वर इंजिन फिरवायची सोय नव्हती, म्हणून बुटकी वर जायची ती तोंड पुढे करून आणि खाली यायची ती तशीच मागे मागे. त्यामुळे तिची डावी बाजू आयुष्यभर कड्याने पाहिली आणि केबिनमध्ये डावीकडे उभं राहून कोळसा टाकणाऱ्या फायरमनने. फोटो काढणारा उभा राहणार कुठे? कड्यात?

कवळीवाल्याने यावर मार्ग काढला, आणि तो कवळीवाल्यालाच सुचावा असा होता. तोंडात उजवीकडे जे असतं तेच डावीकडे असतं, उलटं. चौतीस वर्षं त्याने एका बाजूचं पाहून दुसरी बाजू केली होती आणि लोक त्याच दातांनी सुपारी फोडत होते. त्याने उजव्या बाजूची डावीकडे हुबेहूब छाप काढली. दांडा, पायऱ्या, नळ्या, सगळं. कोपराचा बाकसुद्धा.

ड्रायव्हरने पाहिलं. "हं. अशीच."

"डावीकडेही दांडा वाकलेला?"

"असेल ना. अशीच होती."

तीन गुरुवार 'अशीच होती'. एकही खोट नाही. कवळीवाल्याला जरा चुकल्यासारखं वाटलं, पण कौतुक पदरात पडत असताना कोण ते झटकतं?

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी तो टेबल आवरत होता. काढलेले तुकडे त्याने एका पत्र्याच्या झाकणात ठेवले होते: राणीची चाकं, छप्पर, तिसरी पायरी, आणि करंगळीच्या अर्ध्या पेराएवढं एक उभं नळकांडं. ब्रेकचा पंप. गाडीच्या ब्रेकला हवा पुरवायची ती यातून. राणीला तो उजवीकडे असतो. बुटकीच्या फोटोत उजवीकडे नव्हता, म्हणून त्याने काढून ठेवला होता. आणि डावी बाजू उजवीची छाप, म्हणून तिथेही तो नव्हता.

कवळीवाला खुर्चीत बसला. आठ महिने खपून त्याने थांबू न शकणारं इंजिन तयार केलं होतं. ते एक वेळ ठीक. त्याचा धंदा दातांचा. पण तीस वर्षं गाड्या हाकलेल्या माणसाने ते तीन वेळा पास केलं होतं.

गुरुवारी त्याने विचारलं. "पंप कुठे होता हो?"

"होता की."

"उजवीकडे नाहीये. फोटोत नाही."

"मग नसेल."

"म्हणजे डावीकडे असणार."

"डावीकडे मी कशाला बघू? माझी बाजू उजवी."

"पण तुम्ही तीनदा बघून 'अशीच होती' म्हणालात..."

"चहा गार होतोय," ड्रायव्हर म्हणाला आणि भिंग मिटून खिशात घातलं. त्या दिवशी अडीच तासांचा गुरुवार पाऊण तासात आटोपला.

ड्रायव्हरची लेक त्याला फाटकापर्यंत पोचवायला आली. पन्नाशीची बाई, नर्सचं काम करून आलेली, पायातले बूटही काढले नव्हते. "दादा, डावी बाजू बाबांना नका विचारू. विचारायचीच असेल तर फायरमनकाका आहेत अजून. मंडईमागे सायकलचं दुकान आहे ना, त्याच्या वर."

"तुमच्याकडे येत नाहीत ते?"

"मी लहान असताना रोज यायचे. मला खांद्यावर घ्यायचे." तिने मागे खिडकीकडे पाहिलं. "मी सांगितलं म्हणू नका हं."

फायरमन खुर्च्या विणायचा. लोकांच्या बसक्या झालेल्या वेताच्या खुर्च्या जिना चढून वर यायच्या आणि नवं बूड घेऊन खाली जायच्या. कवळीवाला आत शिरला तेव्हा फायरमन, सत्त्याहत्तर वर्षांचा काटकुळा माणूस, ओला वेत ताणत जमिनीवर बसला होता. "बसा," तो म्हणाला. खोलीत अकरा खुर्च्या होत्या आणि एकीलाही बूड नव्हतं. कवळीवाला उंबऱ्यावर बसला.

त्याने खोकं उघडून इंजिन पुढे केलं. फायरमनने हात लावला नाही. लांबूनच, मान तिरकी करून पाहिलं.

"ही कोणाची बाजू?"

"डावी."

"डावी नाही ही. दोन्हीकडे त्याचीच बाजू केलीयत तुम्ही." 'त्याची' म्हणजे कोणाची हे दोघांनाही कळलं. "कोपरसुद्धा त्याचंच."

"म्हणूनच आलो. पंप कुठे होता?"

फायरमन उठला. फळीवरून उभा, अरुंद पत्र्याचा डबा घेतला, भिंतीपाशी जाऊन खिडकीत उभं राहिल्यासारखा उभा राहिला आणि डबा डाव्या हाताने बरोबर नाकासमोर धरला, हातभर अंतरावर.

"हा पंप. हा मी."

"इतका जवळ?"

"उजवीकडे फलाटाला लागला असता. पुढे नेला तर नळ्या पुरेनात. म्हणून इथे, केबिनच्या काचेपुढे. वर्कशॉपमधल्यांनी चार बोल्ट मारले आणि जेवायला गेले." त्याने डबा परत जागेवर ठेवला. बसला, वेत हातात घेतला.

मग कोणी न विचारता बोलला. "डाव्या वळणावर उजवीकडच्याला पुढचं दिसत नाही, बॉयलर आड येतो. तो विचारणार, 'काय दिसतंय?' आणि डावीकडच्याने सांगायचं, 'मोकळं' नाहीतर 'थांब'. पंप आल्यावर मला काय दिसणार? डोकं बाहेर काढावं तर कडा टाळकं फोडील. दोनदा तक्रारवहीत लिहून दिलं."

"मग?"

"मग काय. चालवत होतो अंदाजाने. तो विचारायचा, मी गप्प बसलो की तो समजायचा मोकळं. एक दिवस वळणापलीकडे रूळ दुरुस्तीवाल्यांची ढकलगाडी. त्याने विचारलं, 'काय दिसतंय?' काय सांगू? पंप दिसतोय म्हणू?" वेत करकरला. "माणसांनी उड्या मारल्या. एकाचा पाय गेला."

"आणि चौकशीत?"

"त्याने लिहून दिलं, फायरमनने मोकळं सांगितलं. मी म्हटलं, साहेब, पंप आडवा येतो, दिसतच नाही. साहेबांनी नकाशा काढला. राणीचा. बुटकीचा नकाशा कोणी काढलाच नव्हता. त्यात पंप उजवीकडे. त्यांनी त्याला विचारलं, पंप कुठे आहे? तो म्हणाला, नकाशात आहे तिथेच."

"कोणी इंजिन जाऊन बघितलं नाही?"

"साहेब लोक. डोंगर चढायचा म्हणजे जेवण चुकतं." तो पहिल्यांदाच जरा हसला. "मी ड्रायव्हर झालो नाही. शेवटपर्यंत कोळसा टाकला, मग गोदामात चिंध्या आणि कंदील वाटले. त्याच्याशी बोललो नाही. काही विशेष नाही त्यात. तसाही मी बोलत नाहीच."

उतरताना जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर कवळीवाल्याच्या लक्षात आलं, की आपण पंपाची जागा विचारायला गेलो होतो आणि भलतंच काहीतरी पदरी घेऊन चाललो आहोत.

पुढच्या तीन दुपारी त्याने उजवीची छाप खरवडून काढली. पंप नवा केला, अॅक्रिलिकचा आणि पितळेच्या नळीचा, कारण राणीचा जाडीने कमी पडत होता. चार बोल्ट म्हणून चार तारेचे ठिपके. केबिनच्या डाव्या काचेपुढे, फायरमनने डबा धरला होता तिथे, चिकटवला. मग दाढेमागचं बघायचा छोटा आरसा मागून केबिनमध्ये सरकवला आणि डाव्या काचेतून पुढे पाहिलं. पंप. आरसा जरा वर, जरा खाली केला. पंपच. बॉयलर नाही, रूळ नाही, टेबलावरचा दिवा नाही.

आता गोष्ट सरळ होती. ही बुटकी ड्रायव्हरपुढे ठेवायची म्हणजे त्याच्या तोंडावर सांगायचं, की तू खोटं लिहून दिलंस. आणि मग गुरुवार संपला. पंप खरवडून टाकायचा तर चिमट्याचं एक टोक पुरे. गुरुवार शाबूत, भिंग शाबूत, 'हं' शाबूत. शिवाय बघणार कोण? फायरमनला इंजिन नको होतं, ताईला ते खेळणं वाटत होतं, आणि बाकी जगाला राणी-बुटकी सारखीच. खरी डावी बाजू जगात फक्त एका माणसाला दाखवण्यासारखी होती, आणि त्यालाच ती बघायची नव्हती.

कवळीवाल्याने चिमटा हातात घेतला, ठेवला. रात्री झोपला. सकाळी दवाखान्यात जबड्यात दात बसवताना त्याला वाटलं, की आपण हे काम कधीच असं केलं नाही; गिऱ्हाईकाला गोड वाटावं म्हणून चावा खोटा ठेवला नाही. कवळी खोटी असते म्हणून चावाही खोटा चालत नाही. हा विचार त्याला जरा फुशारकीचा वाटला आणि त्याने तो सोडून दिला. पण पंप राहिला.

गुरुवारी ड्रायव्हरने उजवीकडून पाहिलं. अर्धा तास पाहिलं, खुशीत. कवळीवाल्याच्या मनात आलं, खोकं असंच मिटावं. त्याच क्षणी ड्रायव्हरने स्वतःच इंजिन उचललं आणि फिरवलं.

भिंग पंपापाशी थांबलं.

"हे काय?"

"पंप."

"कोणी सांगितलं?"

कवळीवाला खोक्यातला कापूस सारखा करत राहिला.

"काढ ते."

"तिथेच होता ना?"

"मी बुटकी चालवलीय की तू? अकरा वर्षं! काढ म्हणतो ना!"

"नाही काढणार," कवळीवाला म्हणाला, आणि आपण इतक्या हळू आवाजात बोललो याचं त्याला वाईट वाटलं.

ड्रायव्हरने इंजिन टेबलावर ठेवलं. आपटलं नाही, जपून, चाकांवर, दोन्ही हातांनी ठेवलं. मग खुर्ची खिडकीकडे वळवली. "फाटक लावून घे जाताना."

दोन गुरुवार कोरे गेले. पहिल्या गुरुवारी कवळीवाला चार वाजता कपडे करून बसला आणि सहा वाजता कपडे बदलले. दुसऱ्या गुरुवारी त्याने कपडेच केले नाहीत, तर वेळ आणखी लांबला. इंजिन टेबलावर होतं, पुरं झालेलं. त्याने ते पुसलं. पुसण्यासारखं काही नव्हतं, तरी पुसलं. रविवारी ताईने विचारलं, "झालं का तुझं ते?" "झालं." "मग छान दिसतंय का?" तो म्हणाला, "बरोबर आहे." ताईला त्यात काही कळण्यासारखं नव्हतं, आणि तिने पुढे स्वयंपाकघरातल्या नळाची गोष्ट सुरू केली.

तिसऱ्या बुधवारी ड्रायव्हरच्या लेकीचा फोन आला. "दादा, बाबा जेवत नाहीयेत. कवळी लागते म्हणतात. तुमच्याशिवाय कोणाला तोंडाला हात लावू देत नाहीत. याल का उद्या?" जरा थांबून म्हणाली, "ते मात्र आणू नका म्हणालेत."

कवळीवाला कानस आणि आरसा घेऊन गेला. ड्रायव्हरने त्याच्याकडे न बघता कवळी काढून तळहातावर ठेवली आणि हात पुढे केला. खालच्या हिरडीवर लाल वळ होता. लहानसाच, पण खोल.

कवळीवाला खिडकीपाशी उभं राहून घासू लागला. मागून ड्रायव्हर बोलला. दात नसलेल्या माणसाचं बोलणं इतरांना नुसतं फसफस वाटतं; कवळीवाल्याला ते छापल्यासारखं कळायचं. त्याचं अर्धं आयुष्य त्या भाषेत गेलं होतं. आणि ड्रायव्हरला हे ठाऊक होतं, म्हणूनच कदाचित दात हातात असताना बोलला नाही, दुसऱ्याच्या हातात गेल्यावर बोलला.

"त्यांनी नकाशा पुढे केला."

कवळीवाल्याने कानस थांबवली नाही.

"मी बघितला. पंप उजवीकडे. मला वाटलं, मी 'नाही' म्हणालो तर डोंगर चढून येतील, बघतील, आणि मग विचारतील, दिसत नव्हतं तर तू हाकत का होतास? मला उजव्या बाजूवरून उतरवतील." तोंडातून वारा गेला. "नोकरी नसती गेली रे. बाजू गेली असती. मी म्हटलं, आहे तिथेच."

"तो 'मोकळं' म्हणाला होता?"

"गप्प होता." त्याने हिरडीवरून जीभ फिरवली. "त्याला दिसत नव्हतं हे मला माहीत होतं. रोज माहीत होतं."

कवळीवाल्याने कवळी धुतली, त्याच्या तोंडात बसवली, अंगठ्याने दाबली. ड्रायव्हरने दात वाजवले. "हं," तो म्हणाला. मग नेहमीच्या स्वच्छ, करड्या आवाजात: "चहा घेणार?"

घराकडे न वळता कवळीवाला मंडईमागे गेला. जिना धावत चढला. त्या वयात धावायचं कारण नव्हतं. आपण कोणाला तरी काहीतरी मोलाचं नेऊन देतो आहोत, असं त्याला वाटत होतं. फायरमन वेत भिजवत होता. कवळीवाल्याने उंबऱ्यातूनच सगळं सांगितलं, नकाशा, बाजू, 'रोज माहीत होतं'.

फायरमनने पाण्यातून हात काढून पुसले.

"हे मला कशाला सांगताय?" तो म्हणाला. रागाने नव्हे. "मी तिथेच होतो की."

"पण त्याने कबूल केलं..."

"तुमच्यापाशी." त्याने वेताची जुडी उचलून पाहिली, पुन्हा पाण्यात दाबली. "बरं झालं तुमचं काम झालं. पंप नीट बसला ना?"

"बसला."

"झालं तर."

कवळीवाला आणखी जरा उभा राहिला. मग "येतो" म्हणाला. फायरमनने मान हलवली. 'या' म्हणाला नाही.

पुढच्या गुरुवारी चार वाजता तो ड्रायव्हरकडे गेला. हात रिकामे होते. त्यांचं काय करावं हे कळेना म्हणून खिशात घातले. ड्रायव्हर खुर्चीत होता. कवळी ठीक आहे म्हणाला. जेवण जातंय म्हणाला. मग दोघांनी चहा घेतला. भिंग टेबलावर होतं, त्याच्याखाली वर्तमानपत्राचा कोपरा मोठा दिसत होता, आणि कवळीवाल्याने त्यावरच्या जाहिरातीतली दोन अक्षरं पुन्हा पुन्हा वाचली.

"ऊन बरंच आहे," तो म्हणाला.

"आहे," ड्रायव्हर म्हणाला.

पावणेपाचला तो उठला. पूर्वी तो उठला की ड्रायव्हर म्हणायचा, 'बस रे, कुठे गाडी सुटतेय तुझी.' आज त्याने तसं म्हटलं नाही. "पुढच्या गुरुवारी?" एवढंच विचारलं.

"येईन ना," कवळीवाला म्हणाला.